साथनियंत्रणाचा अधिकार आणि उपजीविकेची जबाबदारी : १८९७ व २०२० मधील शासकीय व सामाजिक प्रतिसादांची चिकित्सा

सारांश

प्लेगच्या पार्श्वभूमीवर १८९७ मध्ये संमत झालेला साथरोग कायदा हा २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीविरुद्ध योजलेल्या शासकीय उपायांचाही एक प्रमुख आधार होता. या दोन प्रसंगी शासनाने आणि समाजाने दिलेल्या प्रतिसादांची तुलनात्मक चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. साथ रोखण्यासाठी लोकांचे व्यवहार थांबविण्याचा अधिकार कायद्याने शासनास दिला. परंतु व्यवहार थांबल्यामुळे बुडणाऱ्या रोजगाराची जबाबदारी कोणावरही निश्चित केली नाही. परिणामी मदत ही योजनांच्या आणि याद्यांच्या स्वरूपात आली व यादीत नाव नसलेला श्रमिक तिच्या कक्षेबाहेर राहिला. श्रमिकांचे शहर सोडून जाणे ही निव्वळ भीतीची प्रतिक्रिया नव्हती, तर याच उणिवेतून उद्भवलेला विचारपूर्वक निर्णय होता, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : साथरोग कायदा, टाळेबंदी, स्थलांतरित श्रमिक, उपजीविका, सामाजिक सुरक्षा.

१. प्रस्तावना

साथ ही मूलतः वैद्यकीय घटना असली तरी तिला दिला जाणारा प्रतिसाद हा राजकीय आणि आर्थिक स्वरूपाचा असतो. कोणाला घरी बसवावयाचे, कोणता व्यवसाय अत्यावश्यक मानावयाचा आणि बंद पडलेल्या कामाचा खर्च कोणी सोसावयाचा, हे निर्णय रोगजंतू घेत नाही. ते शासनसंस्था आणि समाज घेत असतात. साथींच्या इतिहासाचे मूल्यमापन सामान्यतः मृत्युसंख्येच्या आधारे केले जाते. ते आवश्यकच आहे. तथापि, विलगीकरणाची किंमत कोणी मोजली, हा दुसरा निकषही तितकाच महत्त्वाचा ठरतो. कारण ज्या व्यक्तीस विलगीकरण परवडत नाही ती ते पाळू शकत नाही, आणि मग पहिल्या निकषावरील यशही धोक्यात येते.

या निकषावर १८९६-९७ चा मुंबई-पुण्याचा प्लेग आणि २०२० ची कोविड-१९ ची साथ यांची तुलना उद्बोधक ठरते. एकीकडे परकीय, उत्तर न देणारी सत्ता आहे; दुसरीकडे प्रौढ मताधिकारावर निवडून आलेले शासन आहे. वैद्यकशास्त्राच्या स्थितीतही मोठे अंतर आहे. असे असूनही दोन्ही प्रसंगी शहरांतून बाहेर पडणाऱ्या श्रमिकांचे दृश्य सारखेच दिसले. या साम्याचे कारण शोधणे आवश्यक आहे.

२. मुंबईतील प्लेग : स्थलांतर आणि मजुरी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर महानगरपालिकेने घरांचे निर्जंतुकीकरण, रुग्णांचे सक्तीचे स्थलांतर आणि संशयितांचे विलगीकरण हे उपाय हाती घेतले. त्यांना विरोधही तत्काळ झाला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत त्या काळी पसरली होती. अत्यवस्थ रुग्णच तेथे पोचत असल्याने ती अनुभवाने दृढही होत होती.

१८९७ च्या आरंभीच्या काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी लोकसंख्या, म्हणजे समकालीन अंदाजानुसार सुमारे चार लाख माणसे, शहर सोडून गेली. शासकीय लेखनात या स्थलांतराचे वर्णन प्रामुख्याने घबराट असे केले गेले. परंतु त्याच काळातील श्रमबाजाराकडे पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. एरवी महिन्याच्या हिशेबाने आणि तीही उशिरा मिळणारी मजुरी कामगार रोजच्या रोज मागू लागले आणि मालकांना ती द्यावी लागली. गिरणीमालक एकमेकांचे कामगार अधिक मजुरी देऊन ओढू लागले. रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरीचे जणू लिलाव झाले.

ही वस्तुस्थिती अर्थपूर्ण आहे. कामगारांना केवळ मृत्यूची भीती असती, तर वाढीव आणि रोख मजुरीने त्यांच्यातील कोणीही थांबला नसता. काही थांबले, काही गेले, काही परतले. याचाच अर्थ ते धोका आणि प्राप्ती यांचे गणित मांडत होते. आजारपणात शहरात आपल्याला पोसणारे कोणी नाही, गावी निदान भाकरीचा आणि माणसांचा आधार आहे, हे त्या गणिताचे मुख्य सूत्र होते. १८९६-९७ हे दुष्काळाचेही वर्ष होते. म्हणजे गावाकडची स्थितीही चांगली नव्हती. तरीही लाखो लोकांनी गाव निवडले. यावरून शहराने त्यांना किती थोडी शाश्वती दिली होती, हे स्पष्ट होते.

३. कायदा आणि त्यातील एक कंस

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला. त्याच सुमारास व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरत होती आणि मुंबई बंदरातून येणाऱ्या मालावर व प्रवाशांवर युरोपीय राष्ट्रे निर्बंध घालतील, ही शक्यता ब्रिटिश शासनापुढे उभी होती. कायद्याच्या घाईमागे रोगाइतकीच व्यापाराचीही चिंता होती. साथीच्या आर्थिक परिणामांची जाणीव शासनास नव्हती, असे म्हणता येत नाही. ती बंदराच्या उत्पन्नापुरती मर्यादित होती, इतकेच.

हा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. पहिले कलम नावाचे. दुसरे शासनास आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार देणारे. तिसरे नियमभंगास भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा ठरविणारे. आणि चौथे, सद्भावनेने कृती करणाऱ्या अधिकाऱ्यांस कायदेशीर कारवाईपासून संरक्षण देणारे. नागरिकाचा हक्क सांगणारे कलम त्यात नाही. मात्र दुसऱ्या कलमात एक उल्लेख लक्षणीय आहे. उपायांसाठी होणारा खर्च कोणी व कसा सोसावा हे शासनाने ठरवावे, असे सांगताना कायदा त्या खर्चात नुकसानभरपाईचाही समावेश करतो. परंतु तो कंसात आणि ‘असल्यास’ या अटीसह. भरपाईची कल्पना कायदेकर्त्यांच्या मनात आली होती. तिला हक्काचे रूप द्यावे असे मात्र त्यांना वाटले नाही. पुढील सव्वाशे वर्षांचा प्रश्न या एका शब्दात सामावलेला आहे.

४. पुणे : सक्तीचे फलित

या अधिकाराचा सर्वांत कठोर वापर पुण्यात झाला. प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या नेतृत्वाखाली मार्च ते मे १८९७ या काळात लष्कराच्या तुकड्यांनी घराघरांची झडती घेतली. स्त्रियांची तपासणी, देवघरांतील प्रवेश आणि सामानाची जाळपोळ यांमुळे लोकमत प्रक्षुब्ध झाले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला आणि त्यांना झालेली अठरा महिन्यांची शिक्षा हा इतिहास सर्वपरिचित आहे.

या इतिहासाचे विवेचन बहुधा धर्मभावना आणि राष्ट्रवाद यांच्या अंगाने झाले आहे. ते यथार्थ असले तरी अपुरे आहे. विलगीकरण छावणीत नेलेल्या कारागिराचे दुकान बंद राहत होते, घरातील जाळलेल्या सामानात पुष्कळदा त्याच्या व्यवसायाची साधनेही असत. झडतीचा अपमान आणि रोजगाराचे नुकसान हे अनुभव एकाच दारात घडत होते.

समाजाचा प्रतिसादही केवळ विरोधाचा नव्हता. टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या व्यवस्थेतील स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या हालांविषयी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. या तिन्ही कृतींत एक समान आशय आढळतो : रुग्णास वेगळे ठेवण्याला त्यांचा विरोध नव्हता, वेगळे ठेवलेल्या माणसाची जबाबदारी घेतली जावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढील काही वर्षांत शासनानेही सक्ती सौम्य केली. कायदा मात्र तसाच राहिला.

५. टाळेबंदी : आदेश आणि मजुरी

महाराष्ट्रात कोविड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्याच आठवड्यात राज्य शासनाने १८९७ चा कायदा लागू केला. २४ मार्च रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. ती चार तासांनी अंमलात आली. तिचा मुख्य आधार आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ हा होता.

टाळेबंदीच्या आर्थिक बाजूचे दायित्व कोणाकडे होते, हे पाहण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाचा २९ मार्च २०२० चा आदेश महत्त्वाचा आहे. आस्थापना बंद असल्या तरी मालकांनी कामगारांना कपात न करता वेतन द्यावे आणि घरमालकांनी स्थलांतरित कामगारांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये, असे त्यात म्हटले होते. हेतू स्तुत्य होता. परंतु स्वतःचे उत्पन्न थांबलेल्या लघुउद्योजकाने वेतन कोठून द्यावे, याचे उत्तर आदेशात नव्हते. शिवाय नाक्यावर उभे राहून रोज नवा मालक शोधणाऱ्या मजुरास हा आदेश लागू तरी कसा करावयाचा? सर्वोच्च न्यायालयात त्यास आव्हान मिळाले. १८ मे पासून तो अंमलात राहिला नाही आणि १२ जून रोजी न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगून वाद परस्पर वाटाघाटींकडे सोपविला. खर्च कोणी सोसावा या १८९७ च्या प्रश्नाला शासनाने ‘मालकाने’ असे उत्तर दिले आणि सुमारे सात आठवड्यांनी तेही मागे घेतले.

याच काळात साथरोग कायद्यात २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमाने दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांस कठोर शिक्षा ठरविण्यात आली आणि मालमत्तेच्या हानीबद्दल दोषी व्यक्तीने बाजारभावाच्या दुप्पट भरपाई द्यावी अशी तरतूद झाली. आरोग्यसेवकांचे संरक्षण सर्वथा आवश्यकच होते. तथापि, मालमत्तेच्या भरपाईचे प्रमाण कायद्यात नेमके लिहिता येते, हेही या दुरुस्तीने सिद्ध केले. बुडालेल्या मजुरीच्या भरपाईबाबत कायदा पूर्ववत मौन राहिला.

६. मदतीची यादी

शासनाने काहीच केले नाही, ही टीका मात्र अन्यायाची ठरेल. २६ मार्च २०२० रोजी १.७० लाख कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर झाली. शिधापत्रिकेवरील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो मोफत धान्य, महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि रोजगार हमीच्या मजुरीत वाढ यांचा त्यात समावेश होता. मे महिन्यात सुमारे वीस लाख कोटी रुपयांचे आत्मनिर्भर भारत पॅकेज आले. त्याचा मोठा भाग कर्जहमी आणि रोखता यांच्या स्वरूपाचा होता. महाराष्ट्रात शिवभोजन थाळीचा दर दहा रुपयांवरून पाच रुपये करण्यात आला. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत ती मोफत झाली आणि नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक व फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर झाले.

या सर्व उपायांचे एक समान वैशिष्ट्य म्हणजे ते आधीच अस्तित्वात असलेल्या यादीवर उभे होते. शिधापत्रिका गावची, कामगार शहरात. जनधन खाते पत्नीचे, तेही दूरच्या शाखेत. बांधकाम मंडळाची नोंदणी नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातील लाभार्थ्यांची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर आधारलेली होती. त्यानंतर वाढलेल्या कुटुंबांना तीत सहजासहजी स्थान नव्हते. कार्ड नसलेल्या सुमारे आठ कोटी स्थलांतरितांसाठी धान्याची तरतूद मे महिन्याच्या मध्यास जाहीर झाली. तोवर टाळेबंदीचे सात आठवडे उलटले होते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या नोंदीसाठी १९७९ चा स्वतंत्र कायदा होता. पण त्याखालील नोंदी उपयोगी पडाव्यात इतक्या नव्हत्याच. असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर, सुरू झाले.

परदेशांशी तुलना करताना ही बाब ध्यानात घ्यावी लागते. ब्रिटनने वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम शासकीय तिजोरीतून दिली, जर्मनीने कमी झालेल्या कामाच्या तासांची अंशतः भरपाई केली; पण त्या देशांकडेही यादी होती, ती वेतनपटाची. भारतात बहुसंख्य श्रमिकांचा वेतनपटच नाही. ही अडचण खरी आहे. परंतु ती साथीने निर्माण केलेली नसून दशकानुदशके दुर्लक्षिलेली होती.

महाराष्ट्राच्या संदर्भात ऊसतोडणी कामगारांचे उदाहरण बोलके आहे. बीड व लगतच्या जिल्ह्यांतील एक लाखाहून अधिक कामगार पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या तळांवर अडकले. ते परराज्यातील नव्हते. तरीही हंगाम संपल्यावर त्यांना स्वतःच्या गावी जाण्याची परवानगी मिळण्यास एप्रिलचा मध्य उजाडला. ८ मे २०२० रोजी जालन्याहून रेल्वेमार्गाने चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. श्रमिक विशेष गाड्या १ मे पासून सुरू झाल्या होत्या. गाड्या होत्या, त्यांत जागा मिळविण्यासाठी आवश्यक त्या यादीत या मजुरांचे नाव नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत केंद्रीय श्रम मंत्रालयाने एक कोटीहून अधिक स्थलांतरित परतल्याचे सांगितले. वाटेत किती मरण पावले याची नोंद नसल्याचेही सांगितले. मदतीच्या यादीत नसलेला माणूस मृतांच्या यादीतही आला नाही.

७. आर्थिक परिणामांचा अन्वयार्थ

एप्रिल-जून २०२० या तिमाहीत स्थूल देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले. बांधकाम क्षेत्रातील घट ५० टक्क्यांची, व्यापार-हॉटेल-वाहतूक क्षेत्रातील ४७ टक्क्यांची होती. शेतीत मात्र ३.४ टक्के वाढ झाली. शेतीने अर्थव्यवस्था सावरली, असा याचा गौरवपूर्ण अर्थ लावला गेला. परंतु श्रमबल सर्वेक्षणानुसार एकूण रोजगारातील शेतीचा वाटा २०१८-१९ मधील ४२.५ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेला. विकासाच्या सर्वमान्य दिशेच्या हा नेमका उलटा प्रवास होता. उत्पादन साडेतीन टक्के वाढले, पण त्याच्या वाटेकरूंची संख्या त्याहून वेगाने वाढली. शहरी अर्थव्यवस्थेचा तोटा ग्रामीण कुटुंबांनी आपल्या ताटातून भरून काढला, असा त्याचा खरा अर्थ आहे.

या काळात प्रभावी ठरलेली योजना म्हणजे २००५ च्या कायद्याखालील ग्रामीण रोजगार हमी. २०२०-२१ मध्ये तिच्यातून सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निर्माण झाले. या कायद्याची पूर्वपरंपरा महाराष्ट्रातील आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने साकारलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे अधिष्ठान मिळाले. येथे दोन कायद्यांतील फरक निर्णायक ठरतो. दुष्काळाने महाराष्ट्राला मागेल त्याला काम देणारा कायदा दिला. प्लेगने देशाला केवळ अधिकार देणारा कायदा दिला. रोजगार हमीत काम मागणाऱ्याने पुढे यावयाचे असते, अर्जाने त्याचा हक्क सुरू होतो. इतर योजनांत नाव आधीच यादीत असावे लागते. २०२० मध्ये शहरात अशी हमी नव्हती. म्हणून कामाच्या हक्कापर्यंत पोचण्यासाठी मजुरास शेकडो किलोमीटर चालावे लागले.

८. समाजाचा प्रतिसाद

समाजाचा प्रतिसादही दुहेरी होता. अनेक गृहनिर्माण संस्थांनी घरकामगार स्त्रियांना प्रवेश नाकारला. काही कुटुंबांनी त्यांचे वेतन चालू ठेवले, अनेकांनी ठेवले नाही. परिचारिकांसाठी थाळ्या वाजविणाऱ्या शहरांतच काही परिचारिकांना भाड्याची घरे सोडण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या बाजूस गुरुद्वारे, स्वयंसेवी गट, कामगार संघटना आणि महामार्गावरील ग्रामस्थ यांनी चालणाऱ्या माणसांना अन्न-पाणी पुरविले.

धारावीचा अनुभव या संदर्भात स्वतंत्र विचारास पात्र आहे. अवघ्या दोन-अडीच चौरस किलोमीटरच्या या वस्तीत महापालिकेने स्थानिक खाजगी डॉक्टरांच्या साहाय्याने घरोघर तपासणी केली आणि संस्थात्मक विलगीकरणात जेवणाची व उपचारांची सोय केली. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी या प्रयत्नांचा गौरवाने उल्लेख केला. अनेक स्थलांतरित गावी गेल्याने गर्दी कमी झाली होती, हे मान्य करूनही एक निष्कर्ष उरतो : जेथे विलगीकरणासोबत अन्न मिळाले, तेथे विलगीकरण स्वीकारले गेले. आर्थर रोड रुग्णालयावरील १८९६ च्या हल्ल्याशी या घटनेची तुलना केली, तर लोकांच्या ‘अज्ञाना’विषयीचे जुने मत तपासून घ्यावे लागते.

९. संभाव्य आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की अपरिचित रोग आणि तोकडी रुग्णालये असताना टाळेबंदीखेरीज पर्याय नव्हता. हा आक्षेप बहुतांशी मान्य करता येतो. परंतु प्रश्न टाळेबंदी करावी की नाही हा नसून तिचा खर्च कोणावर टाकला हा आहे. दुसरा आक्षेप शासनाच्या मर्यादित साधनांचा. याचे उत्तर कायद्यातच आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमात साहाय्याच्या किमान मानकांची तरतूद असून, एकाच उपकलमात जीवितहानीबद्दलचे सानुग्रह साहाय्य आणि उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठीचे साहाय्य यांचा उल्लेख आहे. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातील पूर्वार्ध बंधनकारक ठरविला आणि कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये निश्चित झाले. साधने मर्यादित असूनही ही रक्कम देता आली, कारण ती देय ठरली होती. उत्तरार्धातील उपजीविकेच्या शब्दांना मात्र अशा निश्चित रकमेचा आशय लाभला नाही.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) १८९७ आणि २०२० मधील साम्याचे मूळ राज्यकर्त्यांच्या वृत्तीपेक्षा कायद्याच्या रचनेत आहे. अधिकार कायद्यात आणि मदत योजनेत, ही विभागणी दोन्ही काळांत कायम राहिली. (२) श्रमिकांचे स्थलांतर हा त्या विभागणीवरील त्यांचा अभिप्राय होता. त्यास घबराट म्हणणे म्हणजे तो न वाचणे होय. (३) यादीवर आधारलेली मदत संकटकाळी सर्वाधिक गरजूंनाच वगळते. मागणीवर आधारलेला हक्क त्यांना सामावून घेऊ शकतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात साथरोग कायद्यातील उणिवा नोंदवून सर्वंकष दुरुस्तीची अथवा नव्या कायद्याची शिफारस केली. त्या निमित्ताने विलगीकरण, देखरेख आणि केंद्र-राज्य अधिकारविभागणी यांवर चर्चा होईल; ती व्हावयासच हवी. परंतु नव्या मसुद्याची खरी कसोटी वेगळी असेल. ज्या आदेशाने एखाद्याचे काम थांबते, त्याच आदेशात त्याच्या किमान मजुरीची तरतूद असेल काय, आणि ती मागण्यासाठी त्याला आपला कोठलाही पत्ता सिद्ध न करता, तो ज्या ठिकाणी अडकला आहे त्याच ठिकाणी अर्ज करता येईल काय? १८९७ च्या कायद्यातील ‘असल्यास’ हा शब्द वगळला जातो की नव्या भाषेत पुन्हा लिहिला जातो, यावर पुढील साथीत शहरांचे रस्ते कसे दिसतील हे अवलंबून राहील.